तिरक्या फितीचे वाचन

हस्तलिखित वाचण्यास डोळे आणि लिपीचे ज्ञान पुरते. संगणकाच्या चुंबकफितीला मात्र आधी यंत्र लागते, आणि त्या यंत्राची निगा राखणारा माणूस लागतो. आयबीएमचे 726 हे फीतयंत्र 1952 साली आले तेव्हा अर्ध्या इंच रुंदीच्या फितीवर इंचाला 100 अक्षरे मावत. 1964च्या सिस्टिम/360 पासून नऊ ट्रॅकची रीत रूढ झाली: आठांवर अक्षराचे बिट, नवव्यावर पडताळ्याचा बिट.

या यंत्रांतील देखणा भाग म्हणजे निर्वात स्तंभ. फीत काही सहस्रांश सेकंदांत धावू लागते आणि तितक्याच चटकन थांबते. जड रिळांना हे जमणारे नाही. म्हणून दोन्ही बाजूंस हवा खेचणाऱ्या उभ्या खोबणींत फितीचा सैल वळसा राखलेला असतो. हेड त्या वळशातून फीत घेते, रिळे मागाहून भरपाई करतात. जुन्या चित्रपटांत रिळे अडखळत फिरताना दिसतात ती यामुळेच. दोन मजकूरखंडांच्या मध्ये थांबण्या-निघण्यासाठी सुमारे 0.6 इंच फीत कोरी सोडावी लागते. इंचाला 800 अक्षरे या घनतेने लिहिलेली 80 अक्षरांची ओळ 0.1 इंचात बसते. म्हणजे ओळी सुट्या लिहिल्या तर मजकुराच्या सहापट मौन. (छंदातील यतीही इतकी उधळी नसते.)

आमच्या दिवंगत सरांनी 1970च्या दशकात एका प्राचीन मराठी ग्रंथाची शब्दसूची केली होती. तिची छापील प्रत कोणाकडेच उरली नाही. उरले ते असे एक रीळ, मुंबईच्या दमट हवेत चार दशके कपाटात पडलेले. फितीवरील चुंबकीय कण धरून ठेवणारे बंधक द्रव्य ओलाव्याने चिकट होते आणि वाचता वाचता कण हेडवर खरवडून येतात. वाचन हीच झीज. पाठभेद पाहण्यासाठी पोथी दहा वेळा उघडणाऱ्या आम्हांस हे पचनी पडण्यास वेळ लागला.

परिचयातील एका निवृत्त अभियंत्यांकडे असे एक यंत्र चालू स्थितीत आहे. "सर, ही एकदाच धावेल असे धरून चला," काकांनी बजावले. प्रथम त्यांनी रिळाच्या पाठीवरील लेखनकडे काढून घेतले. ते नसले की यंत्र फितीवर काही लिहूच शकत नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसले, लिबलिबीत झालेले रबरी रोलर बदलले, स्तंभाच्या काचेची गळती बुजवली. फीत सुमारे 50 अंशांवर कित्येक तास शेकली. शेकल्याने चिकटपणा जातो, पण तात्पुरता.

तरीही पडताळा जुळेना. प्रमाण फीत लावून हेड अगदी सरळ केलेले होते. दोष आमच्या यंत्रात नव्हता. ज्या यंत्रावर सरांनी सूची लिहिली त्याचेच हेड किंचित तिरके असावे, त्यामुळे एका अक्षराचे नऊ बिट मागेपुढे पडले होते. काकांनी ऑसिलोस्कोपवर नजर ठेवून आपले सरळ हेड केसाएवढे तिरके केले, आणि खंडामागून खंड शुद्ध उतरू लागले. लेखनिकाचे वळण ओळखल्यावाचून पोथी लागत नाही, हे आम्ही वर्गात शिकवीत आलो आहोत. तेच वळण स्क्रू पिळून घेता येते, हे मात्र आम्हांस नवे होते.

सूची रोमन मोठ्या अक्षरांत आहे. तालव्य आणि दंत्य 'च' वेगळे राखण्यासाठी सरांनी दंत्यापुढे आकडा घातला आहे; छापील सूचींत हा भेद सहसा आढळत नाही. फितीचा आरंभ सर्वांत अधिक हाताळला जातो, म्हणून तोच झिजला: 'अ' सबंध गेला, सूची 'आ'च्या मध्यावर सुरू होते.

युटा विद्यापीठात सापडलेली युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीची फीत डिसेंबर 2025 मध्ये कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये वाचली गेली. तेथे हेडवरील कच्चे संकेत एकाच धावेत टिपून घेतले आणि उलगडण्याचे काम नंतर प्रोग्रॅमवर सोपवले. तशी सामग्री येथे मिळेपर्यंत रीळ डब्यात ठेवावे असे आमचे मत. काका म्हणतात, शेकल्याचा गुण ओसरतो आहे, आताच पुन्हा धाववा. अजून एकमत झालेले नाही.