गाळातली वीज : अर्धी खरी, अर्धी फॉरवर्ड

"गटारातले जिवाणू वीज बनवतात, मग आपल्याकडे लोडशेडिंग का?" हा मेसेज दोन दिवस ग्रुपवर फिरतोय. चार जणांनी मला टॅग करून विचारलं, खरं आहे का? तर अर्धं खरं आहे. आणि ते अर्धं भन्नाट आहे.

आपण जे खातो त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनला देतो, त्यासाठीच श्वास. नदीच्या तळाशी गाळात ऑक्सिजन नसतो. तिथे राहणारा जिओबॅक्टर नावाचा जिवाणू हे इलेक्ट्रॉन गंजासारख्या लोहखनिजाला देतो. खनिज काही पेशीच्या आत येत नाही, म्हणून हा पठ्ठ्याच बाहेर तारा टाकतो. प्रथिनांच्या तारा, केसापेक्षा हजारो पटींनी बारीक.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या डेरेक लव्हली यांच्या गटाने सांगितलं, या तारा म्हणजे जिवाणूच्या अंगावरचे 'पिली' नावाचे केस. आयआयटी मुंबईत शिकलेले निखिल मालवणकर तिथेच पीएचडीला होते, आणि पिलीच्या बाजूने शोधनिबंध लिहिणाऱ्यांत तेही होते. पुढे ते येल विद्यापीठात गेले. २०१९ मध्ये त्यांनी इतर संशोधकांसोबत ही तार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अणूंच्या पातळीवर पाहिली. ती पिली नव्हतीच! ओएमसीएस नावाच्या प्रथिनाचे मणी ओवावेत तशी माळ होती. प्रत्येक मण्यात सहा हीम, म्हणजे आपल्या हिमोग्लोबिनमध्ये असतात तसे लोह धरून ठेवणारे रेणू. स्लॅब टाकताना घमेली हातोहात जातात ना, तसे इलेक्ट्रॉन एका हीमवरून दुसऱ्यावर जातात.

यावरचा वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. पण ज्या गोष्टीवर आपलं नाव झालं, तीच पुन्हा तपासायला घेणं, याला धमक लागते.

आता विजेचं. गाळातल्या जिवाणूंच्या विजेवर पोटोमॅक नदीत हवामान मोजणारं एक तरंगतं यंत्र चालवून दाखवलंय. पण ती वीज किती? ९ वॉटच्या एलईडी बल्बला लागते त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. दुर्गम जागी यंत्राला पुरते, गावाला नाही.

म्हणून उद्या कुणी नगरपरिषदेत "सांडपाण्यातून शहराला वीज" असा चकचकीत प्रस्ताव घेऊन आलं, तर टाळ्या नंतर वाजवा. आधी एकच विचारा : साहेब, किती वॉट?