गुरुवारी न्योक्की

रोमच्या तेस्ताच्चो भागात शाकाहारी माणसाला जेवायला नेणं म्हणजे धाडसच. १९७५ पर्यंत इथं शहराचा कत्तलखाना होता. आतडी, शेपटी, काळीज हा उरलासुरला माल कामगारांच्या वाट्याला यायचा, आणि त्यावरच इथल्या खानावळींचं नाव झालं. तरी मावशीला घेऊन मी तिथंच गेले. कारण एकच, इथले वेटर प्रश्नांना वैतागत नाहीत. ‘कोमे फात्तो?’ म्हणजे हे करता कसं, एवढं विचारलं की चेहरा खुलतो.

रीत मात्र पाळायची. सुरुवात ‘स्कूझी’नं. चुटकी नको, ‘शुक शुक’ तर नकोच. ‘वोल्यो’ म्हटलं तर हुकूम सोडल्यासारखं होतं. ‘वोर्रेई’ म्हणायचं, मिळालं तर बरं होईल अशा सुरात. वेटरलाही आदरानं ‘लेई’ म्हणायचं. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीनं हे ‘लेई’ मोडून ‘वोई’ लादायचा घाट घातला होता. राजवट गेली, ‘लेई’ टेबलाटेबलावर शाबूत आहे.

खरी मेख पुढं आहे. “यात मांस आहे का?” हा प्रश्न सभ्य, पण बऱ्याचदा बिनकामाचा. वेटर मनापासून “नाही” म्हणून जातो, कारण त्याच्या लेखी मांस म्हणजे ताटात दिसणारा तुकडा. डुकराच्या गालाचं ग्वांचाले चवीपुरतं असतं, ब्रोदो, म्हणजे हाडांचं सूप, पातळ करायला, आणि स्त्रुत्तो, म्हणजे डुकराची चरबी, तळायला. यात तो खोटं काहीच बोलत नाही. तेव्हा एकेकाचं नाव घेऊन विचारावं. मेन्यूवरच्या खुणांच्या भरवशावर राहू नये. युरोपीय कायद्यानं जे १४ घटक सांगावेच लागतात, ते ॲलर्जीचे. त्यात मासे आहेत, सेलरीसुद्धा आहे, डुक्कर नाही.

पुंतारेल्लेचंच बघा. चिकोरीचे कोवळे कोंब उभे चिरून गार पाण्यात टाकतात, त्यांच्या कुरळ्या बटा होतात. थंडीतली ही रोमन कोशिंबीर, हिरवीगार, दिसायला अगदी सोवळी. मावशीनं काटा उचललाही होता. मी घाईनं विचारलं, “अच्चूगे?” वेटर आनंदानं म्हणाला, “अर्थात!” लसूण, व्हिनेगर, ऑलिव्ह तेल आणि त्यात वाटून विरघळवलेले खारवलेले छोटे मासे. ते नसतील तर पुंतारेल्ले कसले, असा त्याचा भाव. मावशीनं काटा खाली ठेवला, वर “छान दिसतंय हो” असं मराठीत म्हणाली. त्याला ते कळलं असावं.

त्यात तो गुरुवार. मावशीला गुरुवारी कांदा-लसूण चालत नाही. पेकोरिनो चीज कोकराच्या पोटातल्या रेनेटनं विरजतात हे मी निघण्याआधी बोलून बसले होते, त्यामुळे चीजही बाद. मांस नाही, मासे नाहीत, कांदा नाही, लसूण नाही, चीज नाही. मी सगळं ‘वोर्रेई’त घोळवून मांडलं. तो गंभीर झाला. वाकून हळूच विचारता झाला, “बाईंना बरं नाही का?” नुसत्या तेलातला पांढरा पास्ता इथं पोट बिघडलेल्याला देतात, तो करून देतो म्हणाला.

“काय म्हणतोय गं?”

“तू आजारी आहेस का, विचारतोय.”

“ठणठणीत आहे म्हणावं. गुरुवार आहे, बस.”

मी ‘जोवेदी’ म्हणताच त्यानं कपाळावर हात मारला. गुरुवार? मग न्योक्की! रोममध्ये गुरुवारी न्योक्की, शुक्रवारी मासे, शनिवारी वजडी, असे खानावळींचे वार जुन्या काळापासून ठरलेले आहेत. उकडलेला बटाटा, मैदा, वरून लोण्यात परतलेली सेजची पानं. चीज भुरभुरायचं नाही म्हटल्यावर त्यानं एक सुस्कारा सोडला, पण लिहून घेतलं. त्याच्याकडेही वार पाळतात हे मावशीला फारच पटलं.

तो वळणार तोच तिनं माझा हात दाबला.

“अगं, थांबव त्याला. पिठात अंडं घालतात का ते विचार.”