बारा पट्ट्यांची पेटी

गॅदरिंगच्या एकांकिकेला प्रकाशनियंत्रक घ्यायचा ठरला आणि वर्गणीचे 12,000 रुपये माझ्या स्वाधीन झाले. बाबा वाशीच्या बाजारात माथाडी. तेव्हा हे पैसे म्हणजे किती गोण्या, हा हिशेब नको म्हटले तरी मनात होऊ लागला.

लॅमिंग्टन रोडला दुकानदाराने 192 चॅनेलची चकचकीत पेटी दाखवली. पैशांत बसत होती. हात पुढे गेलाच होता! पण पेटी नुसता हुकूम सोडते. दिव्याचा प्रवाह कमीजास्त करतो तो डिमर, आणि त्याची किंमत वेगळी. डिमरवाचून आमचे हजार वॉटचे सहा हॅलोजन तिला काय भीक घालणार?

शेवटी सहा चॅनेलची जुनी पेटी घेतली, डिमरसकट. पट्ट्यांच्या दोन रांगा. एकीवर चालू प्रवेश, दुसरीवर पुढचा मांडून ठेवायचा. दांडी सरकवली की संध्याकाळची रात्र. (पेटी आणली म्हटल्यावर आईला वाटले, हा आता गाणार!)

मित्र हिरमुसले. म्हटले, विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केले तेव्हा वीज तरी होती का? शिवाय सहाही दिवे पूर्ण पेटवले तर 26 अँपिअर. हॉलचा पॉइंट 16चा. तीनांवरच भागवायचे होते.

प्रयोगाला बाबा बाजारातून थेट आले, माझ्या मागे अंधारात उभे राहिले. नाटकाबद्दल काही बोलले नाहीत. सामान आवरताना डिमर उचलून म्हणाले, "चौदा किलो. फसवलं नाही तुला."