विरारची वेलांटी

संगणकाला शुद्धलेखन शिकवायची पाळी तुमच्यावर कधी आली आहे का? माझ्यावर आली. आणि त्याला कारण झाली एक शर्यत.

आमची शाळा राजोडीच्या बाजूची. एका अंगाला सुरूची झाडं आणि समुद्र, दुसऱ्या अंगाला केळीच्या वाड्या. शाळेत कुणीतरी भेट दिलेले दोन जुने संगणक आहेत, त्यांवर लिनक्स घातलेलं आहे. मी डी.एड. झालेली बाई. संगणकाचं शिक्षण असं काही घेतलेलं नाही. पण तिसरीच्या मुलांसाठी ‘ओळखा पाहू आपला तालुका’ असा खेळ करायचं मनात आलं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पायथन नावाची भाषा शिकले. खेळ साधाच. पडद्यावर प्रश्न, खाली चार बटणं, बरोबर उत्तराला चांदणी.

माझा एक जुना विद्यार्थी आता अभियांत्रिकीला आहे. त्याला मी मोठ्या हौसेनं खेळ दाखवला, तर तो म्हणतो, “बाई, पायथन कशाला घेतलीत? बैलगाडी आहे ती! सी किंवा सी प्लस प्लस घ्या.”

मला राग आला. म्हटलं, लावू या शर्यत.

शनिवारी शाळा सुटल्यावर थांबलेली पाच-सहा मुलं पंच झाली. काम एकच, १ पासून १० कोटीपर्यंतच्या सगळ्या संख्यांची बेरीज करायची. तीन भाषा, संगणक मात्र तोच. घड्याळ नव्हतं म्हणून मुलांनी दोनाचा पाढा म्हणायचा असं ठरलं. पायथनचा आकडा येईपर्यंत पाढा संपून तिनाचा सुरू झाला. जावा दोन-तीन ओळींत आटोपली. सी नं तर ‘बे एके बे’सुद्धा पुरतं म्हणू दिलं नाही.

असं का होतं? सी चा प्रोग्रॅम चालायच्या आधीच एक भाषांतरकार, म्हणजे कंपायलर, सगळ्या सूचना यंत्राच्या भाषेत उतरवून ठेवतो. पायथनचा दुभाषी मात्र चालता चालता एकेक सूचना उलगडतो आणि दर वेळी ‘ही संख्या आहे की शब्द?’ हेही तपासतो. दहा कोटी वेळा विचारायचं म्हणजे वेळ लागणारच. जावा मधली. अर्धं भाषांतर आधी, उरलेलं चालताना. ती उठताना आळोखेपिळोखे देते, मग सुसाट सुटते. यातली एक गंमत ऐका. काही हुशार कंपायलर अशी बेरीज पाहिली की मोजतच बसत नाहीत. शेवटची संख्या, तिच्या पुढची संख्या, दोघींचा गुणाकार, त्याचं निम्मं. झाली बेरीज! १ ते १०० ची बेरीज ५०५० कशी येते हे तुमच्या गुरुजींनी सांगितलं असेल, तीच युक्ती. ही शर्यत म्हणावी की लबाडी, यावर आमचा वाद झाला. तो अजून मिटलेला नाही.

मी हरले. पण खेळ पुन्हा लिहायला वेळ नव्हता, म्हणून होता तसाच शाळेच्या संगणकावर चढवला आणि तिसरीच्या वर्गाला सोडून दिला. शर्यतीत आम्ही सगळे आकड्याकडे बघत होतो. खेळातली अक्षरं त्या संगणकावर कशी दिसतात, हे कुणीच पाहिलं नव्हतं.

आठवडाभरानं वह्या तपासताना एका मुलाची वही हातात आली. घरी वेगळी बोली, शाळेत वेगळी, त्यामुळे लिहिताना तो फार चाचपडायचा. पहिली वेलांटी त्याला नुकतीच जमायला लागली होती. वहीत ‘विरार’ हा शब्द त्यानं अगदी बरोबर लिहिलेला होता. मग तो खोडला होता. शेजारी पुन्हा लिहिला होता, पण वेलांटी व ला नाही, पुढच्या र च्या डोक्यावर. आणि मग एकटाच लोंबणारा काना.

“अरे, बरोबर होतं की! खोडलंस कशाला?”

“बाई, कॉम्प्युटरवर असं आहे. तो चुकत नाही ना. मीच चुकतो.”

मी तशीच उठून संगणक लावला. खरंच! ‘विरार’ची वेलांटी पुढच्या घरी गेलेली. ‘निर्मळ’मधला रफार म वर चढलाच नव्हता, पाय मोडलेला र तसाच वाटेत बसला होता. ‘सोपाऱ्याला’ तर वाचताच येईना. आणि माझ्या घरच्या लॅपटॉपवर, तिथे विंडोज आहे, हाच खेळ अगदी स्वच्छ दिसत होता!

आता यात पायथनचा दोष होता का? नाही. भाषा फक्त हिशेब करते. खिडक्या, बटणं, अक्षरं पडद्यावर रंगवायला एक निराळी अवजारांची पेटी लागते. तिला टूलकिट म्हणतात. सुताराच्या पेटीत जसे करवत, रंधा, पटाशी तयार असतात, तशी यात तयार बटणं असतात. पायथनबरोबर सहसा मिळते ती पेटी म्हणजे टीके. जॉन ऑस्टरहाउट यांनी ती मूळची टीसीएल नावाच्या दुसऱ्याच भाषेसाठी बनवली होती. माझा खेळ तिच्यातच होता. विंडोजवर ती अक्षरं मांडायचं काम विंडोजकडे सोपवते आणि विंडोजला देवनागरीची रीत ठाऊक आहे. आमच्या शाळेतल्या लिनक्सवर मात्र ती आली तशी अक्षरं एकापुढे एक ठेवत होती. इंग्रजीला तेवढं पुरतं. ए नंतर बी, बी नंतर सी, मागे-पुढे कुणी उडी मारत नाही.

आपल्या लिपीचं तसं नाही. संगणक शब्द साठवतो तो उच्चाराच्या क्रमानं. ‘वि’ म्हणताना आधी व, मग इकार. दिसायला मात्र पहिली वेलांटी आधी येते. ‘निर्मळ’मध्ये र आपण म च्या आधी बोलतो आणि तो बसतो म च्या डोक्यावर. म्हणजे बोलायचा क्रम एक आणि लिहायची जागा दुसरी. दुसरी-तिसरीतली मुलं नेमक्या याच ठिकाणी अडखळतात. इतकी वर्षं मी ते लाल शाईनं दुरुस्त करत आले. आता तीच चूक यंत्र करत होतं आणि मूल त्याच्यावर विश्वास ठेवून आपलं बरोबर खोडत होतं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, हे खरं.

विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, “बाई, क्यूटी वापरून बघा.” या पेटीचं नाव इंग्रजीत दोनच अक्षरांचं, पण तिचे कर्ते ते ‘क्यूट’ असं उच्चारतात! नॉर्वेतल्या मंडळींनी केलेली ही पेटी १९९५ साली बाहेर पडली. अक्षरांची मांडणी ती हार्फबझ नावाच्या जाणकाराकडे देते. हे नाव फारसीतून घेतलं आहे. त्यातला हर्फ म्हणजे अक्षर. वेलांटी कुठे न्यायची, रफार कुणाच्या डोक्यावर ठेवायचा, हे त्याला ठाऊक असतं.

दोन संध्याकाळी बसून मी सगळी बटणं नव्या पेटीत हलवली. पायथन तशीच ठेवली. विरारची वेलांटी घरी आली.

विद्यार्थ्यानं मात्र हट्टानं तोच खेळ सी प्लस प्लस मध्ये, त्याच पेटीवर करून आणला. दोन्ही संगणक शेजारी शेजारी लावले आणि मुलांना विचारलं, कुठला जलद? कुणालाच सांगता येईना. कारण क्यूटी स्वतःच सी प्लस प्लस मध्ये लिहिलेली आहे. माझी पायथन नुसती ऑर्डर देते, स्वयंपाक आत दुसराच कोणी करतो. मूल विचार करून बटण दाबणार, तेवढ्यात यंत्राला दोन्हीकडे भरपूर सवड असते. पडद्यावर हजारो मासे एकाच वेळी पोहवायचे असते तर त्याची भाषा जिंकली असती, हे मी त्याच्यापाशी कबूल केलं. राजोडीहून विरार स्टेशन गाठायलाच रिक्षा मिळत नसेल तर फास्ट लोकल काय कामाची, असं मी म्हटलं, त्यावर तो हसला.

सोपाऱ्याचं नाव निघालं म्हणून सांगते. तिथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी बौद्ध स्तूपाचं उत्खनन केलं. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथे सापडला. त्याची लिपी ब्राह्मी, म्हणजे आपल्या देवनागरीची पूर्वज. त्या ब्राह्मीत इकाराची खूण अक्षराच्या आधी नसे, वर उजव्या बाजूला असे. म्हणजे वेलांटी उजवीकडे ठेवणारं आमचं यंत्र अशोकाच्या शाळेत कदाचित पास झालं असतं!

त्या मुलाला मी आता परीक्षक नेमलं आहे. नवा प्रोग्रॅम आला की तो आधी येतो आणि चार गोष्टी टंकतो. विरार, निर्मळ, सोपाऱ्याला आणि शेवटी ॲ. हा शेवटचा तर हवाच, आमच्या वसईत त्या अक्षरानं सुरू होणारी नावं घरोघरी आहेत. शिवाय ॲ ला युनिकोडच्या यादीत जागा मिळाली ती २००८ साली, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये नुसता चौकोन दिसतो.

गेल्या शनिवारी चारही परीक्षा पार पडल्या. मी उठणार, तोच तो पडद्याला नाक लावून म्हणाला, “बाई, हा ल आपल्या पुस्तकातला नाही.”

बघते तर खरंच, ल हिंदी वळणाचा. हे काम आता टूलकिटचं नाही, फॉन्टचं. येत्या शनिवारी तेच घेऊन बसणार आहोत.