तिसरं पिल्लू

एप्रिलच्या शेवटी बोईसर-चिल्हार रस्त्याच्या आतल्या बाजूला एका शेताचा बांध जेसीबीने फोडताना अजगराची अंडी उघडी पडली. मी तारापूर एमआयडीसीत नोकरी करतो आणि शिफ्ट सुटली की सापांचे कॉल घेतो. पोहोचलो तेव्हा मादी निघून गेली होती. बीळ पार ढासळलेलं. २४ पैकी १९ अंडी धड होती.

अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून दोन महिने बसते. गारवा वाढला तर अंग थरथरवून स्वतः ऊब तयार करते. तिचं हे काम आता आम्हाला करायचं होतं. वनविभागाला कळवलं, पंचनामा झाला आणि अंडी वनविभागाच्या रोपवाटिकेतल्या एका खोलीत ठेवायची परवानगी मिळाली. घरी नेण्याचा प्रश्नच नव्हता. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अजगर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलने खूण केली, कारण अंडं उलटं झालं तर आतला जीव गुदमरू शकतो. थर्मोकोलच्या खोक्यात ओलसर कोकोपीट घातलं, आत तापमापक ठेवला आणि ३१ अंशांच्या आसपास सांभाळत राहिलो.

पाऊस सुरू झाल्यावर जूनमध्ये १७ पिल्लं बाहेर आली. फुटलेल्या कवचातून नुसतं तोंड काढून ती दिवसभर आतच बसून राहतात, पोटातला बलक संपवत. पहिली कात टाकेपर्यंत त्यांना खाण्याची गरज नसते. १४ पिल्लांनी कात टाकली आणि त्यांना आम्ही वनरक्षकांच्या देखत, अंडी सापडली त्याच टापूत, ओढ्याकाठच्या झाडोऱ्यात सोडून दिलं. जंगलात जन्मलेलं पिल्लू आपली पहिली शिकार आपणच शोधतं, त्याला भरवायला कोणी येत नाही.

तीन मात्र मागे राहिली. ती चेपलेल्या अंड्यांतून उशिरा निघालेली, हडकुळी, पाठीचा कणा बोटाला लागेल अशी. पशुवैद्यक म्हणाले, दोनदा तरी खाऊ दे, मग सोडा.

आणि ती खाईनात.

केस न फुटलेलं उंदराचं पिल्लू पुढे ठेवलं, त्यांनी मान वळवली. कोमट पाण्यात धरून गरम केलं. अजगराच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खड्डे असतात, गार भक्ष्य त्याला भक्ष्य वाटतच नाही. तरी नाही. चिमट्याने हलवून दाखवलं तर एकाने फुत्कार टाकून चिमट्यालाच दंश केला. तो भुकेचा नव्हता, भीतीचा होता. तेव्हा मला हा फरक कळला नाही. दर दोन तासांनी मी झाकण उघडून बघत होतो. सोनाराकडून आणलेल्या काट्यावर रोज वजन करत होतो. दर वेळी ग्रॅमभर कमीच भरायचं आणि माझी झोप उडायची.

आठवडा गेला. तोंड उघडून घास आत ढकलावा का, असं मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी साफ नकार दिला. इतक्या लहान जिवाचा जबडा दुखावतो, शिवाय धसक्याने खाल्लेलं तो ओकतो, तेव्हा तो शेवटचा उपाय, असं त्यांचं म्हणणं. त्या संध्याकाळी वनरक्षक ताईंनी विचारलं, “दादा, दिवसातनं कितीदा उघडता हे झाकण?” मी मोजलं. दहा-बारा वेळा.

तेव्हापासून पद्धत बदलली. तिघांना वेगवेगळ्या छोट्या डब्यांत ठेवलं. प्रत्येकात मडक्याची एक खापरी उपडी घातली, अंग चहूबाजूंनी टेकेल एवढीच जागा. पाण्याची वाटी ठेवली. हाताळणं बंद, वजन आठवड्यातून एकदा. एका पिल्लाने तिसऱ्या रात्री खाल्लं. दुसऱ्यासाठी उंदराच्या पिल्लाला पालीच्या तुटलेल्या शेपटीचा वास लावला, कारण रानात असल्या लहान अजगराच्या वाटेत पाली-सरडेही येतात. सकाळी डबा रिकामा होता.

तिसरं तसंच. त्याची खापरी बदलली, भक्ष्य बदललं, वास बदलला. जुलैत एका रात्री जोराचा पाऊस आला आणि बोईसरची वीज गेली. उबेसाठी डब्यावर लावलेला दिवाही विझला. पहाटे कंदील घेऊन गेलो तर पिल्लू खापरीबाहेर, अंगाच्या मध्यावर ठळक फुगवटा. अजगर रात्रीचा प्राणी आहे हे मला पाठ होतं, आणि तरीही त्याच्या डोक्यावर मीच चोवीस तास उजेड जाळत होतो. पालघरच्या जुलैच्या दमट उकाड्यात त्या दिव्याची गरजही नव्हती. तो मी पुन्हा लावला नाही. दहा दिवसांनी त्याने दुसऱ्यांदा खाल्लं, तेही अंधारातच.

खाल्ल्यावर दोन दिवस कोणी हात लावला नाही, मग तिघांनाही सोडलं. तिसरं सगळ्यात आधी गवतात शिरलं.

या भागात अजगराचं पिल्लू घोणस समजून मारलं जातं. घोणशीच्या पाठीवर साखळीसारखे गोल ठिपके रांगेत असतात. अजगराचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले. ओळखता आलं नाही तरी काठी उचलू नका, लांब राहा. शेत सपाट करताना, पाया खणताना वेटोळं घालून बसलेली अजगरीण दिसली तर जेसीबी थांबवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. अंडी तिच्याजवळच राहू द्या. दोन महिन्यांत पिल्लं निघून बीळ सोडून जातात.