पाठ कुठे अडतो?

प्रशिक्षणाला आलेल्या शिक्षकांना मी पहिला तासभर मोबाईल पिशवीतच ठेवायला सांगते. विषय ब्लेंडेड लर्निंगचा, म्हणजे वर्गातल्या शिकवण्याला डिजिटल साधनांची जोड देण्याचा, आणि मोबाईल पिशवीत, याचं सगळ्यांना नवल वाटतं. पण आधी पाठ्यपुस्तक उघडायचं, पुढच्या आठवड्यात घ्यायचा पाठ काढायचा आणि पेन्सिलीनं एकच खूण करायची: या पाठात माझी मुलं नेमकी कुठे अडतात?

काम वाटतं तितकं सोपं नाही. ‘सगळंच अवघड जातंय ओ मॅडम आमच्या पोरांना,’ असं उत्तर हमखास येतं. मग मी वह्या काढायला लावते. वहीत अडलेली जागा लपत नाही. एकच चूक बारा वह्यांत सारखी सापडली की शिक्षक स्वतःच खुर्चीत सावरून बसतात. ती जागा हाती लागेपर्यंत व्हिडिओ, ॲप, स्मार्ट टीव्ही यांतलं काहीही उघडण्यात अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे. साधन कुठलं हा प्रश्न त्यानंतरचा.

जुळे सोलापुरात शिक्षकांची घरं पुष्कळ. विजापूर रोडच्या या भागातून सकाळी कुणी दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या सीमेलगतच्या गावांकडे, कुणी अक्कलकोटकडे, तर कुणी शहराच्या पूर्व भागातल्या शाळांकडे निघतं. त्यामुळे आमच्या एका खोलीत अख्खा जिल्हा जमा होतो. एका बाईंच्या वर्गात भिंतभर डिजिटल पॅनेल आहे, त्यांच्या शेजारी बसलेल्या सरांच्या शाळेत टीव्ही आहे पण बिल थकल्यानं वीज नाही. एकीची मुलं घरी तेलुगू बोलतात, दुसऱ्याची कन्नड. सगळ्यांना पुरेल असं एकच ॲप सांगून मोकळं होणं म्हणूनच मला जमत नाही.

आमच्याच जिल्ह्यातलं सर्वांत मोठं उदाहरणही हेच सांगतं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालं. १० लाख डॉलरचं ते बक्षीस, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. त्यानंतर जो तो क्यूआर कोडविषयी बोलू लागला. पण त्या कामातला कोडच्या आधीचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तक त्या भाषेत नव्हतं. मुलं अडत होती ती तिथे. गुरुजी आधी कन्नड शिकले, पुस्तकं मुलांच्या भाषेत आणली आणि त्यांना कोडची जोड दिली. मुलांना कोडमधून जे ऐकू आलं ते त्यांना समजत होतं, म्हणून कोड चालला. आज बालभारतीच्या पुस्तकांतही कोड आहेत, ते स्कॅन केले की दीक्षा ॲपवरचं साहित्य उघडतं. तो कोड कधी उघडायचा आणि कधी नाही, हे मात्र वर्गातल्या शिक्षकालाच ठरवावं लागतं.

हे ठरवणं शिकवता येतं. त्यासाठी अपूर्णांकांचा पाठ मी मुद्दाम घेते. प्रश्न साधा: १/४ आणि १/८ यांत मोठा कोणता? हा प्रश्न मी प्लिकर्स या ॲपवर विचारायला लावते, कारण त्यात मुलांच्या हातात मोबाईल लागत नाही. प्रत्येकाला कागदाचं एक कार्ड, त्यावर काळ्या चौकड्यांची नक्षी. नक्षीच्या चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. उत्तराची बाजू वर करून कार्ड धरायचं. प्रत्येकाची नक्षी वेगळी, म्हणून शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. शिक्षक एकाच मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून डावीकडून उजवीकडे फिरवतो आणि कुणाचं उत्तर काय ते नावानिशी दिसू लागतं. बरोबर ओरडणारी पाच मुलं नेहमीचीच असतात. इथे मागच्या बाकावरच्या, वर्षभर तोंड न उघडणाऱ्या मुलीचंही उत्तर कळतं.

पाचवीच्या वर्गात हा प्रश्न विचारला की बरीच मुलं १/८ सांगतात. आठ चारापेक्षा मोठे, म्हणून. आता पुढे काय, इथे प्रशिक्षणाचा कस लागतो. बहुतेक शिक्षक लगेच व्हिडिओ शोधायला लागतात. मी म्हणते, मोबाईल ठेवा आणि कागदाच्या पट्ट्या घ्या. (भाकरीचे तुकडे सारखे होत नाहीत, पट्टीच्या घड्या होतात.) पट्टी दोनदा दुमडली की चौथा भाग, तिसऱ्यांदा दुमडली की आठवा. मुलाच्या बोटांखाली तो भाग लहान होत जातो. त्यानंतर मिनिटभर जिओजेब्रा हे गणिताचं ॲप दाखवायचं: खालचा आकडा वाढवत नेला की रंगवलेला भाग आक्रसत जातो. कागदाची घडी चार-पाच वेळांनंतर जमत नाही, पडद्यावर मात्र शंभरावा भागही दिसतो. जे हातानं होत नाही तेवढ्यापुरता पडदा. मग पुन्हा कार्डं वर करायला सांगायचं आणि किती मुलांची उत्तरं बदलली ते पाहायचं.

पुण्य मिश्र आणि मॅथ्यू कोलर या अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी २००६ मध्ये विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान आणि तंत्राचं ज्ञान यांची सांगड घालणारी मांडणी केली, ती आज जगभरच्या शिक्षक प्रशिक्षणात वापरली जाते. आमच्याकडच्या कित्येक प्रशिक्षणांत मात्र तिसऱ्याचाच तास होतो: लॉगिन करा, ओटीपी टाका, लिंक उघडा, प्रमाणपत्र डाउनलोड करा.

बाहेरून आलेली रीत इथल्या घरांना लावून पाहावी लागते. जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या कोलोरॅडोतल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी २००७ च्या सुमारास धडे चित्रित करून मुलांना घरी पाहायला दिले आणि वर्गातला वेळ सरावासाठी मोकळा केला. कल्पना उत्तम आहे. पण आमच्या पूर्व भागात मोबाईल वडिलांचा असतो आणि तो त्यांच्याबरोबर कारखान्यावर जातो. आई विड्या वळत असते. घरी मोबाईल येतो तेव्हा मूल पेंगत असतं. म्हणून आम्ही व्हिडिओ शाळेतच गटानं दाखवतो. सहा मुलं तीन मिनिटांचा तुकडा पाहतात, दुसरा गट गणितं सोडवतो आणि तिसऱ्या गटाजवळ बाई स्वतः बसतात. मग गट बदलतात. बाईंना एकेका मुलाजवळ बसायला मिळालेली ती दहा मिनिटं मला सगळ्या साधनांपेक्षा मोलाची वाटतात.

तो तुकडा शिक्षकानं स्वतःच करावा, असा माझा आग्रह आहे. मुलांना ओळखीचा आवाज लागतो. स्टुलावर पुस्तकांची चळत, तिच्या कडेवर मोबाईल, कॅमेरा खाली कागदाकडे. चेहरा दिसायची गरज नाही, लिहिणारा हात दिसला पाहिजे. मागे संगीत नको. यंत्रमागाच्या खटखटाटात राहणाऱ्यांनी खिडकीला सोलापुरी चादर लावावी, आवाज बराच अडतो. मुलांची घरची भाषा कन्नड किंवा तेलुगू असेल तर अवघड शब्द त्या भाषेत एकदा सांगावा. आणि बोलताना मध्येच थांबून प्रश्न विचारावा. त्या जागी व्हिडिओ थांबवायचा आणि मुलांनी वहीत उत्तर लिहायचं. व्हिडिओ लावायला सगळ्यांना येतं, योग्य जागी थांबवायला शिकावं लागतं.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा सोलापुरातल्या निलमनगरमध्ये आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता ती मुलं भिंतीपुढे उभी राहून शिकली. मी हे काम डिजिटल शिक्षणाच्या प्रशिक्षणात आवर्जून सांगते. कुणापर्यंत काय पोहोचत नाही, हे त्या शिक्षकांनी आधी पाहिलं होतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तासांची अपेक्षा धरली आहे. ते तास सभागृहात बसून भरू नयेत असं मला वाटतं. सभागृहात पटलेली गोष्ट सोमवारी चाळीस मुलांसमोर, रेंज गेल्यावर करायची असते, आणि तेव्हा शिक्षक एकटा असतो. बाजूला कुणीतरी हवं असतं. चुका काढायला नव्हे, मुलांकडे पाहायला. शिकवणाऱ्याचं लक्ष शिकवण्यात असतं. मागच्या बाकावर बसलेल्या सहकाऱ्याला एखादी मुलगी कुठे थबकली ते दिसतं.

म्हणून मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. प्रशिक्षणाहून परतलेल्या शिक्षकाला आठवड्यातला एक तास दुसऱ्याच्या वर्गात बसायला द्या. तेवढ्या तासात व्हॉट्सॲपवर कसलीही माहिती मागवू नका. फोटो आणि अहवालही मागू नका. हे एक सत्रभर करून पाहा आणि सत्राच्या शेवटी मुलांच्या वह्या उघडा.