शब्द कळू दे

मोटारीतील ध्वनियंत्रणा सुधारणे हा विषय या पानांवर प्रथमदर्शनी उपरा वाटेल. परंतु मोटारीतला रेडिओ आणि श्रद्धेचा रेडिओ ही जवळपास जुळी भावंडे आहेत. अमेरिकेतील गॅल्विन बंधूंच्या कंपनीने १९३० साली मोटारीसाठी रेडिओ विक्रीस आणला. मार्कोनी यांनी उभारलेल्या व्हॅटिकन रेडिओवरून पोप अकरावे पायस १९३१ साली प्रथम बोलले. ध्वनी चैनीचा की उपासनेचा, हे यंत्र ठरवीत नाही, ऐकणारा ठरवितो.

आमच्या घरी ऐकणारी होती आई. वय ब्याऐंशी, श्रवणशक्ती क्षीण. दर महिन्याला तपासणीसाठी तिला गेवराईहून छत्रपती संभाजीनगरला न्यावे लागते. शहागडला गोदावरीचा पूल आला की ती पदर सावरते आणि म्हणते, “बाबांची माळ लाव.” बाबा १९९७ साली प्रभुघरी गेले. त्यापूर्वी एका कॅसेटवर त्यांच्या आवाजातली रोझरी ध्वनिमुद्रित झाली होती. मुलाने ती आता पेनड्राइव्हवर उतरविली आहे. बाबा प्रार्थनेचा पूर्वार्ध म्हणतात, उत्तरार्ध आईने म्हणायचा. पण आमच्या जुन्या गाडीत बाबांचे शब्द तिला उमगत नसत. ती मागे पडे, मग गप्प होई. मी आवाज वाढविला की म्हणे, “मोठा नको रे, शब्द कळू दे.”

दुकानदाराने वीस-बावीस हजारांची यादी पुढे केली. त्यात मोठा बेसचा डबा होता, अॅम्प्लिफायर होता. पैशांपेक्षाही मला दुसरे काही टोचत होते. दिवाळीनंतर आमच्या तालुक्यातील कितीतरी कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. त्यांचा नाताळ फडावरच्या कोपीत होतो. त्यांच्या शेजारी राहणाऱ्याने गाडीतल्या आवाजावर किती खर्च करावा? मी सहा हजारांची मर्यादा घातली.

मर्यादा आली की विचार सुरू होतो. उतारवयात प्रथम उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. स, श, त, फ ही व्यंजने तिथेच वसतात. स्वर ऐकू येतो, व्यंजन हरवते. म्हणून बोलणे ऐकू येते, पण कळत नाही. बेस वाढविल्याने हे दुखणे बरे होत नाही, उलट शब्द अधिकच झाकोळतात. शिवाय आमचे स्पीकर दाराच्या तळाशी. उंच ध्वनी सरळ रेषेत जातो, आणि आसन व पाय त्याला वाटेतच अडवितात.

म्हणून डेक जुनाच ठेवला. साध्या डेकमधून प्रत्येक स्पीकरला मिळणारी खरी शक्ती पंधरा-वीस वॅटच असते, खोक्यावर काहीही छापलेले असो. तेवढ्यात भागावे यासाठी स्पीकर घेताना संवेदनक्षमता पाहिली: ती तीन डेसिबलने अधिक असेल, तर निम्म्या शक्तीत तेवढाच आवाज मिळतो. साडेतीन हजारांत पुढच्या दोन दारांचे स्पीकर आले, सोबत सुटे ट्वीटर. ते समोरच्या काचेलगत, कानाच्या पातळीजवळ बसविले. बाराशे रुपयांचे डांबरी पत्रे दारांच्या आतून चिकटविले आणि मोठी भोके बुजविली. त्यामुळे पत्र्याची खडखड थांबली, आणि स्पीकरच्या मागचा ध्वनी पुढच्या ध्वनीत मिसळून त्याला मारीनासा झाला. धन-ऋण तारा दोन्ही बाजूंना सारख्याच जोडल्या. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून पडदा कोणत्या दिशेला हलतो, ते आधी पाहून घेतले होते. तारा व मजुरी धरून खर्च सहा हजारांच्या आत राहिला.

हिवाळ्यात या महामार्गावर उसाचे ट्रॅक्टर धावतात. काहींवरच्या भोंग्यांनी खिडक्यांची तावदाने थरथरतात. त्या गर्जनेत गाण्याचा एक शब्द हाती लागत नाही. आपल्या सण-समारंभांनाही हल्ली तीच हाव जडली आहे. श्रवणातून श्रद्धा उपजते, हा संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रातला विचार. तो आवाजाच्या उंचीविषयी खचितच नाही. ज्याला कमी ऐकू येते, त्याच्यापर्यंत शब्द अखंड पोहोचविणे ही सेवा आहे, आणि ती स्वस्तात होऊ शकते.

फीत जुनी आहे; तिची सरसर नव्या स्पीकरमधून अधिकच स्पष्ट ऐकू येते. आईला तिचे काही वाटत नाही. बाबांचा पूर्वार्ध संपतो न संपतो तोच तिचा उत्तरार्ध सुरू होतो, एका मात्रेचाही खंड न पडता.

अडचण फक्त गुरुवारची. प्रकाशाची रहस्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ साली रोझरीला जोडली. बाबांच्या फितीत ती नाहीत. त्या दिवशी आई यंत्र बंद करायला सांगते, पूर्वार्ध स्वतः म्हणते, आणि उत्तरार्ध माझ्यावर सोपविते.